मत मशीनपर्यंत पोचायच्या आधी कुठे कुठे गळतं

निवडणूक झाली की आपल्याकडे पहिलं भांडण मशीनवरून. ईव्हीएम हॅक होतं का, व्हीव्हीपॅटच्या सगळ्या चिठ्ठ्या का मोजत नाहीत, मारकडवाडीत लोकांनी स्वतः बॅलेटवर मतदान घ्यायचं ठरवलं तर प्रशासनाने ते का थांबवलं, यावर टपरीपासून फॅमिली ग्रुपपर्यंत सगळे बोलतात, आणि बोलावं पण, शंका घेणं हा मतदाराचा हक्कच आहे. पण मला विचाराल तर मशीनवर निदान चार लोकांचं लक्ष तरी असतं. प्रत्येक पक्षाचा एजंट तिथे बसलेला असतो, मतदान संपलं की किती मतं पडली त्याचा हिशोब म्हणजे फॉर्म १७सी त्याच्या हातात मिळतो, आणि पुढे कोर्ट आहेच. मत खरं गळतं ते त्याच्या कितीतरी आधी. यादीतून नाव उडतं तिथे, शेवटच्या दोन दिवसांत मोबाईलवर एक क्लिप येते तिथे, आणि तालुक्यात काय चाललंय ते लिहिणारा माणूस गप्प होतो तिथे. या तिन्ही जागांवर फारसं कुणी बघत नाही म्हणून आज त्यांच्याबद्दलच लिहितो.

"दहावीस मतांनी काय फरक पडतो" असं वाटत असेल तर हे बघा. २०२४ च्या विधानसभेला मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला, साकोलीचा २०८ मतांनी. त्याच वर्षी लोकसभेला मुंबई उत्तर पश्चिममध्ये फरक होता ४८ मतांचा. आणि राजस्थानात २००८ साली नाथद्वाऱ्यातून सी. पी. जोशी एका मताने पडले, एका! हे गृहस्थ तेव्हा काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष होते आणि मुख्यमंत्रिपदासाठी त्यांचं नाव चर्चेत होतं. म्हणजे एका बूथवरची पन्नास नावं इकडची तिकडे झाली तरी आमदार बदलू शकतो.

आधी यादीचं बघू

बऱ्याच लोकांना वाटतं की आपल्याकडे मतदार कार्ड आहे म्हणजे आपण मतदार. तसं नाहीये. कार्ड हे फक्त ओळखपत्र, ते हरवलं तर आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट असलं काहीतरी दाखवून मत देता येतं. पण यादीत नाव नसेल तर कार्ड असून उपयोग शून्य. म्हणून ज्याला गडबड करायची आहे तो मशीनच्या नादाला कशाला लागेल, तो यादीकडेच जाईल.

यादीत बदल करायचे तीन मुख्य अर्ज आहेत. फॉर्म ६ म्हणजे नवीन नाव घालायला, फॉर्म ८ म्हणजे पत्ता बदल किंवा दुरुस्ती, आणि फॉर्म ७ म्हणजे नाव काढायला. पहिले दोन बहुतेकांना माहीत असतात, तिसरा फार कमी लोकांना. फॉर्म ७ ची गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की तो दुसऱ्याच्या नावासाठी पण भरता येतो. त्याच मतदारसंघातला कुठलाही मतदार लिहून देऊ शकतो की अमुक माणूस मेलाय, तमुक इथे राहत नाही, ह्याचं नाव दोनदा आहे. मूळ कल्पना चांगलीच आहे, मेलेल्यांची नावं काढायला कोणीतरी सांगायला हवंच ना. पण चांगली कल्पना आणि ऑनलाईन अर्ज एकत्र आले की काय होतं ते आळंदला दिसलं.

हे आळंद म्हणजे आपली देवाची आळंदी नव्हे. अक्कलकोटच्या पलीकडे कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातला मतदारसंघ. मे २०२३ च्या विधानसभा निवडणुकीच्या आधी तिथे ऑनलाईन फॉर्म ७ चा पाऊस पडला, एकूण ६,०१८ अर्ज. प्रत्यक्ष जाऊन तपासल्यावर त्यातले खरे निघाले फक्त २४. उरलेले ५,९९४ खोटे, आणि ज्यांच्या नावाने ते भरले गेले होते त्या लोकांनाच पत्ता नव्हता की आपण कोणाचं तरी नाव काढायला सांगितलंय. बिंग कसं फुटलं तर एका बूथ लेव्हल ऑफिसरच्या, म्हणजे बीएलओच्या, घरातल्याच माणसाचं नाव काढायचा अर्ज निघाला, तिने चौकशी केली तर अर्ज शेजाऱ्याच्या नावाने, आणि शेजारी म्हणतो मी असलं काही केलेलंच नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुन्हा दाखल झाला. मग प्रकरण बरेच दिवस पडून राहिलं, सप्टेंबर २०२५ मध्ये राहुल गांधींनी पत्रकार परिषद घेतल्यावर देशभर गाजलं, कर्नाटक सरकारने एसआयटी म्हणजे विशेष तपास पथक नेमलं आणि तपासात एका अर्जामागे ८० रुपये दर ठरल्याचं पुढे आल्याच्या बातम्या आल्या. निवडणूक आयोगाचं म्हणणं असं की नावं उडालीच नाहीत, प्रयत्न फसला आणि तक्रार आमच्याच अधिकाऱ्याने केली. काँग्रेसचं म्हणणं की तपासाला लागणारी तांत्रिक माहिती आयोगाने वेळेत दिली नाही. कोण किती खरं ते तपासातून ठरेल, पण ऐंशी रुपयांत एक मत कापायचा धंदा कोणीतरी मांडला होता हे तरी नाकारता येत नाही.

आणि हे फक्त काढण्यापुरतं नसतं, घालण्याचं पण असतं. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात २०२४ च्या विधानसभेच्या तोंडावर उलटा प्रकार झाला, नवीन नावं घालायचे सहा हजारांहून जास्त बोगस ऑनलाईन अर्ज आले, तपासणीत पकडले गेले आणि पोलिसात तक्रार झाली. या सगळ्यानंतर आयोगाने ऑनलाईन अर्जाला आधारवर आधारित ई-साईन लावलं, म्हणजे आता दुसऱ्याच्या नावाने अर्ज टाकायचा तर त्याच्या मोबाईलवर ओटीपी जातो. उशिरा सुचलेलं शहाणपण, पण सुचलं.

कायद्याने तुमचं नाव गुपचूप काढता येत नाही हे लक्षात ठेवा. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात स्पष्ट आहे की तुम्ही इथे राहत नाही किंवा पात्र नाही म्हणून नाव काढायचं असेल तर आधी तुम्हाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. खोटी माहिती देऊन अर्ज करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. फॉर्म ७ आले की त्यांची एक यादी बनते, तिला फॉर्म १० म्हणतात, ती मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या ऑफिसात लावली जाते, वेबसाईटवर टाकतात, पक्षांनाही देतात. कागदावर व्यवस्था चोख आहे. अडचण एवढीच की तो बोर्ड वाचायला कोण जातं! पक्षांचे बूथ एजंट पूर्वी जायचे, आता बरेचसे कार्यकर्ते स्टेटस ठेवण्यात बिझी असतात, त्यामुळे जी माहिती भिंतीवर उघडी टांगलेली असते तीच निवडणुकीनंतर "घोटाळा उघड" म्हणून पेपरात येते.

आणि मग संधी द्यायची म्हणजे काय तर पत्त्यावर नोटीस, बीएलओची एक चक्कर. बीडचं कुटुंब ऊसतोडीला कर्नाटकात किंवा पश्चिम महाराष्ट्रात गेलेलं असेल तर त्या चकरेला दाराला कुलूप दिसतं. पुण्या-मुंबईत भाड्याने राहणारा दर अकरा महिन्यांनी घर बदलतो, त्याचं नाव जुन्या पत्त्यावर. यात कोणाचं कारस्थान असायची गरजच नाही, नुसत्या ढिसाळपणाने पण नाव जातं, आणि ज्याचं जातं तो बहुतेक वेळा गरीब, फिरता नाहीतर भाडेकरू असतो.

बिहारमध्ये २०२५ साली हेच मोठ्या प्रमाणावर दिसलं. तिथे विशेष सखोल पुनरीक्षण झालं, म्हणजे अख्खी मतदार यादी नव्याने तपासली, ज्याला सगळे एसआयआर म्हणतात. १ ऑगस्टला जी प्रारूप यादी आली तिच्यात आधीच्या ७ कोटी ८९ लाखांपैकी जवळपास ६५ लाख नावं नव्हती. आयोग म्हणाला मेलेले, गाव सोडून गेलेले, दुबार. असतीलही, बरेचसे असतीलच. पण नक्की कोण आणि कुठल्या कारणाने, ही वेगळी यादी आयोग द्यायला तयार नव्हता, नियमात तसं बंधन नाही म्हणे. १४ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ६५ लाख नावं कारणासकट जाहीर करा, लोकांना शोधता येतील अशी करा. मला या अख्ख्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची ही एक ओळ वाटते. कारण नाव काढणं चूक की बरोबर हे ठरवायला आधी ते काढलंय हे कळायला तर हवं. अंतिम यादी आली तेव्हा आकडा होता ७ कोटी ४२ लाख. त्याच्या पुढच्या टप्प्यात १२ राज्यं-केंद्रशासित प्रदेश घेतले, त्यात गोवा होता. महाराष्ट्र त्या टप्प्यात नव्हता कारण स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका डोक्यावर होत्या, पण आज ना उद्या नंबर लागणारच आहे.

स्थानिक निवडणुकीवरून आठवलं, एक गोंधळ कायम असतो. नगरपालिका, महापालिका, झेडपीच्या निवडणुका घेतो राज्य निवडणूक आयोग, आणि विधानसभा-लोकसभेच्या घेतो दिल्लीचा भारत निवडणूक आयोग. दोन वेगळी ऑफिसं, दोन वेगळे आयुक्त. पण मतदार यादी एकच, विधानसभेची. राज्य आयोग तीच उचलून प्रभागात तोडतो, स्वतःहून नाव घालत किंवा काढत नाही. म्हणून नगरसेवकाच्या निवडणुकीला "माझं नाव नाही" म्हणून वॉर्ड ऑफिसात भांडायला गेलात तर तिथला माणूस खरंच फार काही करू शकत नाही, यादीतच नसेल तर गाडी केव्हाच सुटलेली असते. दुबार नावांचं पण तसंच. २०२५ च्या शेवटी मुंबईच्या प्रारूप यादीत ११ लाखांच्या आसपास दुबार नोंदी असल्याचं समोर आलं तेव्हा राज्य आयोगाने नाव काढलं नाही, नावापुढे दोन स्टार मारले आणि अशा मतदाराकडून कुठल्या केंद्रावर मत देणार ते लिहून घ्यायचं ठरवलं.

तर करायचं काय? निवडणूक जाहीर व्हायची वाट बघायची नाही, कारण उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते. नाव घालायला आता वर्षातून चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, यातल्या ज्या तारखेला १८ पूर्ण होतील त्या हिशोबाने. आयोगाच्या वोटर पोर्टलवर कार्डाचा नंबर टाकला की अर्ध्या मिनिटात नाव दिसतं, ते जमत नसेल तर १९५० ला फोन. आपलं बघताना घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं बघा, ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांचंच नाव गेलेलं सगळ्यात उशिरा कळतं.

आणि एक गोष्ट जी जवळपास कोणालाच माहीत नसते. तुम्ही बूथवर गेलात आणि साहेब म्हणाले की तुमचं मत तर झालंय, म्हणजे कोणीतरी तुमच्या नावावर टाकून गेलंय, तर तणतणत घरी यायचं नाही. केंद्राध्यक्षाला सांगायचं की मला प्रदत्त मत द्यायचंय. तो दोन-चार प्रश्न विचारून ओळख पटवतो आणि मशीनवर नाही तर कागदी मतपत्रिकेवर तुमचं मत घेतो, ते वेगळ्या पाकिटात सील होतं. मोजणीच्या दिवशी ते धरत नाहीत, पण निकाल कोर्टात गेला तर ते पाकीट उघडायला लावता येतं. मुंबई उत्तर पश्चिमच्या त्या ४८ मतांच्या निकालाविरुद्ध हरलेले उमेदवार अमोल कीर्तिकर हायकोर्टात गेले तेव्हा याचिकेत अशाच ३३३ मतांचा मुद्दा होता. याचिका फेटाळली गेली ती गोष्ट वेगळी, पण ४८ च्या समोर ३३३ ठेवून बघा. तसंच एखादा माणूस बोगस आहे असं पोलिंग एजंटला वाटलं तर तो २ रुपये भरून जागच्या जागी आक्षेप घेऊ शकतो. हो, दोनच रुपये, कधीतरी ठरवलेला रेट तसाच राहिलाय.

आता त्या क्लिपचं

मतदान संपायच्या वेळेआधीचे ४८ तास प्रचार बंद असतो. सभा नाही, टीव्हीवर प्रचार नाही, १९५१ च्या कायद्याचं कलम १२६. हेतू असा की माणसाने शांत डोक्याने ठरवावं. पण आज त्याचा एक उलटा परिणाम झालाय. त्या ४८ तासात कोणी खोटं सोडलं तर ज्याच्यावर सोडलं त्याला सभा घेऊन उत्तर देता येत नाही, आणि खोटं मात्र व्हॉट्सॅपवरून बिनबोभाट फिरतं.

हे आधी स्लोव्हाकियात झालं. ३० सप्टेंबर २०२३ ला तिथे मतदान, आणि दोन दिवस आधी एक ऑडिओ फिरला. त्यात प्रोग्रेसिव्ह स्लोव्हाकिया या पक्षाचा नेता मिखाल शिमेचका एका महिला पत्रकाराशी मतांमध्ये गडबड कशी करायची ते बोलतोय असं ऐकू येत होतं. दोघांनीही लगेच नाकारलं, फॅक्टचेकवाल्यांना त्यात एआयच्या खुणा दिसल्या, पण तिकडेही प्रचारबंदी. शिमेचकांचा पक्ष दुसरा आला. त्या क्लिपमुळेच हरला असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, तसं मोजताच येत नाही.

आणि मग आपल्याकडे. १९ नोव्हेंबर २०२४, विधानसभेच्या मतदानाची आदली रात्र. पुण्यातल्या एका माजी आयपीएस अधिकाऱ्याने आरोप केला की बिटकॉइनचा पैसा निवडणुकीत वापरला गेला, आणि पाठोपाठ सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांचा आवाज असल्याचं सांगणाऱ्या ऑडिओ क्लिप आल्या, भाजपने त्या आपल्या हँडलवरून टाकल्या. सुळेंनी रात्रीच नाकारलं, सायबर पोलिसांकडे आणि आयोगाकडे तक्रार केली. सकाळी मतदान सुरू झालं तेव्हा चॅनेलवर हेच. बूम या फॅक्टचेक संस्थेने क्लिप तपासल्या आणि त्या बहुधा एआयने बनवल्या असल्याचं सांगितलं. पण त्याच दिवशी अजित पवार म्हणाले की दोघांबरोबर मी काम केलंय, आवाज ओळखतो, आवाज त्यांचाच आहे. हा राजकीय डाव होता की त्यांना खरंच तसं वाटलं ते बाजूला ठेवा. सख्ख्या चुलत भावाने आवाज ओळखल्याचं सांगितल्यावर साकोलीतल्या किंवा इंदापुरातल्या मतदाराने कशाच्या जोरावर वेगळं ठरवायचं?

आवाज नकली करणं हे व्हिडिओपेक्षा फार सोपं झालंय, हे त्यातलं तंत्र. थोडंसं रेकॉर्डिंग मिळालं तरी चालतं, आणि नेत्यांच्या भाषणांचा तर ढीग पडलाय. चेहरा असला की ओठ जुळत नाहीत, डोळे विचित्र दिसतात, काहीतरी सापडतं. फोनवरच्या आवाजात खरखर असणारच म्हणून खोटेपणा त्या खरखरीत लपतो. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये जानेवारी २०२४ ला हजारो मतदारांना बायडन यांच्या नकली आवाजात फोन गेले की या प्रायमरीला मत देऊ नका, नोव्हेंबरसाठी राखून ठेवा. ज्या राजकीय सल्लागाराने ते करवून घेतलं त्याला तिथल्या दूरसंचार आयोगाने ६० लाख डॉलर दंड ठोकला. त्या फोनमध्ये कोणाची बदनामी नव्हती, फक्त घरी बसवायचा प्रयत्न होता, आणि मला हा प्रकार जास्त धोकादायक वाटतो. "मतदान पुढे ढकललंय", "तुमचं केंद्र बदललंय" असला मेसेज आला तर त्याला कोणी राजकारण समजत पण नाही.

आपल्याकडचे नियम? ६ मे २०२४ ला आयोगाने पक्षांना सांगितलं की डीपफेक तुमच्या लक्षात आणून दिलं की तीन तासांत काढा. नंतर एआयने बनवलेल्या प्रचारावर लेबल लावा असंही सांगितलं. सोशल मीडिया कंपन्यांनी २०१९ साली एक ऐच्छिक आचारसंहिता मान्य केली आहे, त्यात पण आयोगाच्या तक्रारीवर तीन तासांचा वायदा आहे. पण तीन तास हे आयोगाने कळवल्यापासून, तुमच्या तक्रारीपासून नाही. आणि कंपनीने फेसबुक-एक्सवरून पोस्ट काढली तरी व्हॉट्सॅप ग्रुपात पोचलेली फाईल प्रत्येकाच्या फोनमध्ये डाऊनलोड झालेली असते, ती कोण काढणार. उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं पसरवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेत कलम १७५ आहे, पण त्यात शिक्षा म्हणजे फक्त दंड. ज्या पक्षाचा अब्जावधींचा कारभार आहे त्याला दंडाचं काय एवढं.

याची दुसरी बाजू तेवढीच वाईट आहे, ती लोक विसरतात. नकली बनवता येतं हे सगळ्यांना कळलं की खरी क्लिप पण झटकता येते. तामिळनाडूत एप्रिल २०२३ ला तेव्हाचे अर्थमंत्री पलानिवेल त्यागराजन यांच्या आवाजातल्या दोन क्लिप आल्या, स्वतःच्याच पक्षातल्यांवर आरोप करणाऱ्या. त्यांनी सांगितलं बनावट आहेत. रेस्ट ऑफ वर्ल्ड या पत्रिकेने त्या तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या, पहिलीबद्दल ठाम सांगता आलं नाही पण दुसरी अस्सल असल्याचं मत आलं. म्हणजे उद्या खरोखर एखादा मंत्री पैसे घेताना सापडला तरी "एआय आहे" म्हणून मोकळा.

मी स्वतः पाळतो तो नियम साधा आहे. मतदानाच्या आधीच्या दोन दिवसांत आलेली कुठलीही सनसनाटी क्लिप, मग ती आपल्या नावडत्या नेत्याची असली तरी (तिथेच तर हात शिवशिवतात), पुढे ढकलायची नाही. खरी असेल तर आठवडाभर आधी का नाही आली, हा एक प्रश्न बऱ्याच क्लिपांना पुरतो. आणि मतदानाची तारीख, केंद्र, वेळ याबद्दलचा मेसेज तर १९५० ला विचारल्याशिवाय खरा मानायचाच नाही.

आणि लिहिणारे लोक

वरची सगळी प्रकरणं आपल्याला कळली ती कशी? बहुतेक कोणीतरी पत्रकाराने कागद मागितले, गावात जाऊन विचारलं म्हणून. त्यामुळे पत्रकारितेला काय झालंय हा विषय निवडणुकीपासून वेगळा काढता येत नाही.

महाराष्ट्राचं नाव यात फार चांगल्या कारणाने आलेलं नाही. २००९ च्या विधानसभेच्या वेळी आपल्याकडच्या मोठ्या पेपरांत एकाच नेत्याच्या कौतुकाचे मजकूर छापून आले, वेगवेगळ्या पेपरांत शब्द न् शब्द तोच. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते इंग्रजीतून चव्हाट्यावर आणलं आणि पेड न्यूज हा शब्द घराघरात गेला. उमेदवारांकडे चक्क पॅकेज यायचं, अमुक इतक्या लाखांत इतक्या बातम्या, एक मुलाखत, विरोधकाची बातमी छापायची नाही त्याचे वेगळे. प्रेस कौन्सिलने दोन सदस्यांची समिती नेमली, त्यांनी नावानिशी सविस्तर अहवाल दिला, आणि कौन्सिलने २०१० ला तो पूर्ण छापलाच नाही, पुढे माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये बाहेर आला. पत्रकारांवरचा अहवाल पत्रकारांच्याच संस्थेने दाबायला बघितला, यापेक्षा जास्त काय बोलायचं.

पैसे देऊन बातमी छापण्यात उमेदवाराचा फायदा दुहेरी असतो. वाचक जाहिरातीवर विश्वास ठेवत नाही, बातमीवर ठेवतो. आणि खर्चाच्या मर्यादेतून सुटका, कारण विधानसभेला ४० लाख आणि लोकसभेला ९५ लाख अशी आपल्याकडे मर्यादा आहे, जाहिरात दिली तर हिशोबात दाखवावी लागते, रोख देऊन घेतलेली बातमी कोण दाखवतो. अजूनही पेड न्यूज हा स्वतंत्र गुन्हा नाही. जिल्ह्याजिल्ह्यात एमसीएमसी नावाची समिती असते, ती संशयास्पद बातमी पकडते आणि तिचा जाहिरात दराने खर्च उमेदवाराच्या खात्यात टाकते, बस. कारवाई झालेलं गाजलेलं प्रकरण म्हणजे उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव, २००७ च्या निवडणुकीतला असा खर्च लपवला म्हणून आयोगाने ऑक्टोबर २०११ मध्ये त्यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. तोवर त्यांची टर्म संपत आली होती. ओळखायचं कसं, तर एकाच पानावर दोन विरोधी उमेदवारांचा "विजय निश्चित" असेल, किंवा दोन पेपरांत तोच मजकूर तोच फोटो, तर समजून जा.

दुसरा दबाव वरून येतो. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने आयटी नियमात बदल केला की केंद्राच्या कामकाजाबद्दलची कुठली माहिती खोटी किंवा दिशाभूल करणारी आहे ते सरकारचंच फॅक्टचेक युनिट ठरवेल, आणि त्याने शिक्का मारल्यावर सोशल मीडिया कंपनीने तो मजकूर ठेवला तर तिचं कायदेशीर संरक्षण धोक्यात. ऐकायला बरं वाटतं, फेक न्यूज थांबवतायत. पण ज्याच्याबद्दल बातमी आहे तोच तिचा पंच, आणि कंपनी कशाला कोर्टकचेरी करेल, ती मुकाट्याने काढून टाकणार. कॉमेडियन कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड ही संपादकांची संघटना वगैरे मुंबई हायकोर्टात गेले. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायाधीशांचं मत फुटलं, न्या. गौतम पटेल म्हणाले नियम रद्द, न्या. नीला गोखले म्हणाल्या वैध. केंद्राने २० मार्चला युनिट जाहीर पण केलं, दुसऱ्याच दिवशी सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली, लोकसभा निवडणूक तोंडावर होती तेव्हाची ही गोष्ट. शेवटी तिसरे न्यायाधीश न्या. अतुल चांदूरकर यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये निकाल दिला की नियम घटनाबाह्य आहे, "खोटी", "दिशाभूल करणारी" या शब्दांना धड व्याख्याच नाही. खोट्या बातम्या थांबवायला हव्यात हे माझंही मत, आधी त्याच्यावरच तर एवढं लिहिलं. पण तो अधिकार सरकारकडे दिला तर सरकारच्या सोयीचं खोटं कोण पकडणार हा प्रश्न उरतोच, सरकार कुठल्याही पक्षाचं असो.

तिसरा दबाव सरळ अंगावर येतो. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे, रिफायनरीच्या जमिनीच्या प्रकरणावर सातत्याने लिहायचे. ६ फेब्रुवारी २०२३ ला त्यांची बातमी छापून आली आणि त्याच दिवशी महामार्गावर त्यांच्या दुचाकीला गाडीने उडवलं. बातमी ज्याच्याबद्दल होती तोच गाडी चालवत होता असा आरोप आहे. दुसऱ्या दिवशी वारिशे गेले, पत्रकारांनी आवाज उठवल्यावर खुनाचं कलम लागलं.

पत्रकारांवरच्या हल्ल्यासाठी वेगळा कायदा आपल्या विधिमंडळाने २०१७ मध्ये मंजूर केला. तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र, तपास डीवायएसपीपेक्षा खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. राष्ट्रपतींची सही व्हायला २०१९ उजाडलं. पण हा कायदा लागू व्हायला तुम्ही एखाद्या माध्यम संस्थेत नियमित किंवा कंत्राटी पत्रकार असल्याचं दाखवावं लागतं, आणि खरी मेख तिथे आहे. तालुक्याला जो वार्ताहर असतो त्याच्याकडे बहुतेक वेळा नेमणुकीचं पत्र नसतं, पगार नसतो, नेत्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीला जाहिराती आणल्या तर त्यावर कमिशन मिळतं. म्हणजे ज्याच्यावर लिहायचं त्याच्याकडेच जाहिरात मागायला जायचं, आणि तरीही लिहिलं आणि मार खाल्ला, तर पोलीस ठाण्यात आधी मी पत्रकार आहे हे सिद्ध करायचं. यूट्यूबवर स्वतःचं चॅनेल चालवणारी गावोगावची पोरं तर त्याहून उघड्यावर आहेत, आणि नगरपालिकेच्या टेंडरची बातमी आज बऱ्याच ठिकाणी तीच पोरं देतायत.